किनाबातांगनच्या काठी

बोर्निओचे बेट नकाशात पाहावे, तर सुरीने पपई चिरावी तसे ते विषुववृत्ताने चिरलेले दिसते. त्याच्या उत्तर टोकाला मलेशियाचे साबाह राज्य आहे. तेथील डोंगरांतून निघालेली किनाबातांगन नदी ५६० किलोमीटर वळसे घेत सुलू समुद्राला मिळते. तिच्या काठच्या सुकाऊ या खेड्यात आम्हां उभयतांचा चार दिवस मुक्काम झाला.

सांदाकान शहरातून मोटार निघाली. दीड तास झाला तरी दोन्ही बाजूंना एकच एक झाड, तेलाच्या पामचे! कवायतीला पोरे उभी करावीत तशा त्याच्या रांगा. टेकडी आली की रांगाही टेकडीवर चढायच्या. "अहो, पण जंगल कुठं आहे?" सौ.ने विचारले. एकेकाळी हे सारे जंगलच होते. आधी लाकूडतोड झाली, मग पामच्या मळ्यांनी उरलेसुरले गिळले.

गाव ओरांग सुंगाय लोकांचे. ओरांग म्हणजे माणूस आणि सुंगाय म्हणजे नदी. घरे लाकडी, खांबांवर उचललेली. आमच्या यजमानीणबाईंना सारे 'मकचिक' म्हणत, म्हणजे मावशी. मावशींनी भात, कोळंबी आणि मिरचीचा झणझणीत ठेचा पुढे केला आणि आम्हां कोकणच्या माणसांना परकेपणा वाटायचे कारणच उरले नाही. जेवणानंतर सौ.ने शंकरपाळ्यांचा डबा उघडला. मावशींच्या धाकट्या भावाने एक तोंडात टाकली आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, "कशात तळली?" पामतेलात, असे कळताच घरभर हसू पिकले. आमचेच तेल परत आले म्हणे! थट्टा खरी होती. जगात सर्वांत अधिक पामतेल विकत घेणारा देश आपलाच.

हा भाऊच आमचा नावाडी. उन्हे उतरल्यावर त्याने होडी मेनांगुल या उपनदीत घातली. लांबनाक्या वानरांची टोळी झोपण्यासाठी काठच्या झाडांवर जमत होती. नर म्हणजे भोपळ्याएवढे पोट आणि ओठांवर लोंबणारे नाक! मलय लोक त्याला 'डच माकड' म्हणतात. साहेबावर असा सूड दुसऱ्या कोणी घेतला असेलसे वाटत नाही. डोक्यावरून धनेशाची जोडी पंखांचा घोंघाट करीत गेली. आपल्या कोकणातही धनेश आहे. इथे त्याच्या आठ जाती नांदतात. पुढच्या वळणावर मगर, त्याच्या पुढे एक ओरांगउटान. तासाभरात एवढे दर्शन! "केवढं समृद्ध जंगल!" मी म्हणालो.

नावाड्याने इंजिन बंद केले. "जंगल मोठं असतं तर तुम्हाला इतकं दिसलं नसतं," तो म्हणाला.

वानरे झोपायला काठावरच येतात हे खरे. पण बाकीच्या जनावरांना मागे सरायला जागाच नाही. काठामागे थोडे रान, की लगेच मळा. २००५ साली सुमारे २६ हजार हेक्टरांचे अभयारण्य झाले, तेही सलग नव्हे, दहा तुकड्यांचे. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी दोन्ही काठांच्या मोठ्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतत आणि तो वरच्यावर पलीकडे जाई. ती झाडे गेली, म्हणून ओढ्यांवर दोर आणि आगीच्या बंबाच्या जुन्या नळ्या ताणून त्याच्यासाठी पूल बांधले आहेत. ओरांगउटान आधी बराच काळ नुसता पाहत बसतो म्हणे.

माणसांच्या पुलाची गोष्ट मात्र निराळी. सुकाऊजवळ नदीवर मोटारींचा पूल व्हायचा होता. रस्ता झाला तर हत्तींच्या वाटा तुटतील असा आक्षेप आला. डेव्हिड ॲटनबरोंसारख्या मोठ्या माणसांनी विरोध केला, आणि २०१७ साली योजना रद्द झाली. मला हे योग्यच वाटते, आणि तसे मी रात्री बोलूनही गेलो.

मावशी भांडी आवरीत होत्या. भावाने त्यांचे उत्तर आम्हांला सांगितले. त्यांची थोरली बहीण पलीकडे राहते. रात्री-अपरात्री दुखणे उठले की होडी शोधायची, काळोखात नदी ओलांडायची आणि मग इस्पितळाकडे धावायचे. "हत्तीला वाट हवी, कबूल. पण बहिणीला नको का?"

मी काही बोललो नाही. सौ.ने विचारले, "मग तुमच्या मते पूल व्हायला हवा होता?"

भाऊ बराच वेळ शिडीच्या पायरीवर बसून होता. त्याची रोजी हत्ती दाखविण्यावर, आणि बहीण पलीकडे. "मला विचारू नका," एवढेच तो म्हणाला.

सकाळी धुके होते. मावशींनी उरलेल्या शंकरपाळ्या पुडीत बांधल्या आणि बहिणीकडे जायला होडीत बसल्या.