अवघड जागेचं दुखणं

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. गेल्या वर्षी आमच्या घरात तिच्यातलं हसण्यासारखं काही उरलं नाही.

आमचे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, इथे दिंडोरीतच राहतात. वय ६५, मधुमेह जुना. नाशिकला त्यांची अँजिओप्लास्टी झाली, नळी जांघेतून घातली होती. आठवड्याभरात टोचलेल्या जागी गाठ आली, लाल झाली, ताप येऊ लागला. घरात सुना, नाती. त्यामुळे खालू फक्त 'पाय दुखतोय' एवढंच सांगत. शेवटी एका डॉक्टरांनी गाठ पाहिली आणि गळू आहे, चिरून पू काढू, असं म्हणाले. मोठा मुलगा आल्यावर बघू, म्हणून खालाने ते थांबवलं. त्याच रात्री गाठ फुटली.

लुंगी, चादर, फरशी, सगळं रक्ताने भिजलं. माझ्या खालेजाद भावाने टॉवेलची घडी जांघेवर ठेवली आणि मुठीने गच्च दाबून धरली. १०८ ची गाडी आली. नाशिकपर्यंतचा २५ किलोमीटरचा रस्ता त्याने हात काढला नाही. सर्जन नंतर म्हणाले, अर्धं ऑपरेशन तुमच्या मुठीनेच केलं.

हे दुखणं नेमकं काय असतं, ते मी तिथे बसून त्यांच्याकडूनच समजून घेतलं. जांघेच्या मध्यावर बोट दाबलं तर ठोका लागतो. ती पायाला रक्त नेणारी मुख्य धमनी. उर्दूत तिला शिरयान म्हणतात. ती कातडीच्या इतकी जवळ असते की हृदयाच्या तपासणीसाठी डॉक्टरांना ती सोयीची पडते. सुई किंवा नळी काढल्यावर भोक नीट बुजलं नाही, तर रक्त बाहेर झिरपतं आणि आजूबाजूच्या मांसात साठून फुगा तयार होतो. त्यात जंतू शिरले की धमनीची भिंत कुजते. वरून बघणाऱ्याला गळूच वाटतं. चिरलं तर पू येत नाही, रक्ताची चिळकांडी उडते. म्हणून जांघेतल्या गाठीला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या: तिथे ठोका लागतो का, आणि डॉपलर सोनोग्राफीत काय दिसतं. नुसत्या बोटांवर भरवसा ठेवायचा नाही, कारण कधी कधी अशा गाठीत ठोका लागतही नाही.

ऑपरेशन समजावताना सर्जनांनी आमच्याच भागातलं उदाहरण दिलं. द्राक्षबागेत ड्रिपची मेन लाइन फुटली, तर शेतकरी आधी चिखलात हात घालत नाही, वरचा व्हॉल्व्ह बंद करतो. इथेही तसंच. जांघेच्या वर, ओटीपोटाच्या बाजूला छेद घेऊन रक्तवाहिनी तिथे आवळून धरतात. मग खाली जखम उघडतात, कुजलेला भाग कापून काढतात आणि धमनीची तोंडं बांधून टाकतात. जखम शिवत नाहीत, उघडी ठेवून रोज धुतात. अँटिबायोटिक कित्येक आठवडे चालतं.

बांधून टाकतात, हे ऐकल्यावर खालाने पदर तोंडाला लावला. "डॉक्टरसाहेब, टांग तो नहीं काटनी पडेगी?"

"मावशी, पाय बहुतेक राहील. पण आधी माणूस राहू द्या."

कृत्रिम नळी का बसवत नाही, हेही भावाने विचारलं. पू असलेल्या जागी कृत्रिम नळी ठेवली तर तीही सडते आणि पुन्हा फुटते. पाय थंड पडू लागला, तर घाण जागा टाळून दुसऱ्या वाटेने रक्त न्यावं लागतं, किंवा रुग्णाचीच शीर वापरावी लागते. तेही जमलं नाही तर पाय कापावा लागतो. पण कमरेकडून आणि मांडीच्या मागून येणाऱ्या लहान वाहिन्या बऱ्याचदा पाय जगवतात. लंडनच्या जॉन हंटरने १७८५ साली एका गाडीवानाच्या गुडघ्यामागचा फुगा बरा करायला मांडीतली धमनी बांधली होती, तेव्हाही पाय वाचला होता. त्याच्याही आधी, हजार वर्षांपूर्वी, कुर्तुब्याच्या अल-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' या ३० भागांच्या ग्रंथात वाहत्या धमनीला आधी बोटाने दाबा, मग डाग द्या किंवा दोऱ्याने बांधा, हे लिहून ठेवलं आहे. आमच्या भावाने ते वाचलेलं नव्हतं, पण केलं तेच.

खालूंचा पाय राहिला. मशिदीपर्यंत जाताना पोटरीत गोळे येतात, वाटेत एका ओट्यावर थांबावं लागतं.

पण मला लिहायचं आहे ते शेजारच्या खाटेबद्दल. तिथे पंचविशीतला एक मुलगा होता. तीच धमनी, तेच ऑपरेशन. फरक एवढाच की त्याला सुई डॉक्टरांनी टोचलेली नव्हती. नशा टोचून टोचून हाताच्या शिरा बुजल्या की ही मुलं जांघेतली शीर शोधतात. धमनी तिला अगदी चिकटून असते, सुई जरा सरकली की धमनीत. त्यानेही गाठ लपवली होती, शरमेने आणि पोलिसांच्या भीतीने. खालूंना भेटायला येणारे आमचे लोक त्याच्याकडे बघून कुजबुजत, "गर्दुल्ला आहे." एक पाहुणे तर म्हणाले, असल्यांवर डॉक्टर वेळ का घालवतात? खाला काही बोलली नाही. खालूंसाठी आणलेल्या यखनीतली वाटीभर त्या मुलाला दिली आणि पाहुण्यांना म्हणाली, "भूक तो उसको भी लगती है."

हे फक्त मुंबईतलं दुखणं आहे, असं आपण समजतो. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशात सुईने नशा करणाऱ्यांचा अंदाज सुमारे ८ लाख ५० हजार होता. २०२३ साली नाशिकजवळच्या शिंदे गावातच एमडीचा कारखाना सापडला. अशा मुलांना दारातून हाकलण्यापलीकडे काही करता येतं, हेही महाराष्ट्रात लोकांनी दाखवलं आहे. अनिल आणि सुनंदा अवचटांचं पुण्यातलं 'मुक्तांगण' १९८६ पासून चालू आहे. मुंबईत 'संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट' सुईवाल्यांमध्येच काम करतो. सरकारी केंद्रांवर सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मिळते. धमनी बांधली तरी सुई सुटली नाही, तर तो मुलगा दुसरी जांघ घेऊन परत येणार. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर आहे, लिहून ठेवा.

आणि घरातल्यांना एवढं सांगा. जांघेत गाठ, ताप, थोडंसं जरी रक्त, तर त्याच दिवशी दाखवायचं. अँजिओग्राफी झाली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं. रक्त उडालं तर कपडा ठेवून दाबायचं, आणि दाब काढून काढून बघायचं नाही. दुखणाऱ्याचं वय, धर्म, सवय काहीही असो, हात तिथेच ठेवायचा.