यमुनेचे उतार

कोकणातल्या वाचकाला नदी म्हटली की तिची खाडी आठवते. भरतीच्या पाण्याने फुगणारी, ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे टाकणारी आणि काठच्या गावाला बंदर मिळवून देणारी. दिल्लीपासून समुद्र शेकडो कोस दूर. तेव्हा येथल्या यमुनेला खाडी असण्याचे कारण नाही. परंतु तिला खादर आहे. नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेली, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी आणि एरवी वाळू, उंच गवत व भाजीपाल्याची शेते यांनी व्यापलेली जी सखल जमीन, तिला इकडचे लोक खादर म्हणतात. पुराच्या आवाक्याबाहेरची उंच जमीन ती बांगर. खाडीला भरती दिवसातून दोनदा येते, खादरला वर्षातून एकदाच. पण या एका भरतीने दिल्लीच्या इतिहासात, आणि वाचकहो, आपल्या महाराष्ट्राच्याही इतिहासात, जी उलथापालथ केली ती क्वचितच दुसऱ्या कोणा नदीने केली असेल.

यमुना उगम पावते ती हिमालयात, बंदरपूंछ पर्वताच्या हिमनदीतून. डोंगरात असतानाच टोन्स ही तिच्याहूनही अधिक पाणी वाहून आणणारी नदी तिला कालसीजवळ मिळते. सपाटीवर उतरल्यावर मात्र तिचा वेग मंदावतो, पात्र विस्तारते आणि ती दर काही वर्षांनी वाट बदलू लागते. उगमापासून प्रयागच्या संगमापर्यंत तिची लांबी 1376 किलोमीटर. त्यापैकी दिल्लीच्या हद्दीत, उत्तरेस पल्ला गावापासून दक्षिणेस जैतपूरपर्यंत, अवघे 48 किलोमीटर. वर्षभरातील पाण्याचा फार मोठा भाग पावसाळ्याच्या तीनचार महिन्यांत वाहून जातो. हिवाळ्यात डोंगरावरचे बर्फ गोठलेलेच राहते, पाऊसही तुरळक. त्यामुळे पौष-माघात प्रवाह रोडावतो आणि पात्राच्या मधोमध वाळूची बेटे वर येतात.

अरवली पर्वताची अखेरची, ठेंगणी धार दिल्लीच्या पश्चिमेकडून येऊन वजिराबादजवळ नदीला भिडते. एका बाजूस ही टेकाडांची रांग आणि दुसऱ्या बाजूस यमुना, अशा त्रिकोणी भूमीत एकामागून एक राजधान्या वसल्या. पश्चिमेस दगड, पूर्वेस पाणी. राजाला आणखी काय हवे असते? फिरोजशाह तुघलकाने 1354 साली आपले फिरोजाबाद नदीकाठी वसविले, आणि तोपऱ्याहून अशोकाचा शिलास्तंभ तेथे आणवला तोही यमुनेच्याच पाठीवरून. शम्स-इ-सिराज अफीफ या त्या काळच्या इतिहासकाराने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. स्तंभाभोवती सावरीच्या कापसाचे ढीग रचून तो अलगद आडवा केला. मग बोरू आणि कच्ची कातडी यांत गुंडाळून 42 चाकांच्या गाड्यावर चढवला. प्रत्येक चाकाच्या दोरास दोनशे माणसे जुंपली होती. नदीशी आल्यावर मोठमोठ्या नावा एकत्र बांधून त्यांवर तो ठेवण्यात आला. सुमारे 13 मीटर उंचीचा हा अखंड दगड आजही फिरोजशाह कोटल्याच्या भग्न इमारतीवर उभा आहे. मुलांना घेऊन जाल तर त्यांना तो अवश्य दाखवा आणि सांगा, की ज्या यमुनेवरून एवढे ओझे तरंगत आले ती तेव्हा याच भिंतीखालून वाहत होती. आज तिथे रस्ता आहे.

सलीमगडचा किल्ला 1546 साली शेरशहाच्या मुलाने बांधला तो पात्रातल्या बेटवजा जागेवर. शहाजहानचा लाल किल्ला 1648 साली पुरा झाला तेव्हा यमुना त्याच्या पूर्वेकडील तटाला लागून होती. म्हणूनच त्या बाजूला त्याने खंदक खोदला नाही. नदी हाच खंदक! पण नदीचा खंदक दगडी खंदकासारखा बारमाही नसतो. ज्या जागी पाणी इतके उथळ होते की माणूस व घोडा पायांनी पार होऊ शकतो, तिला आपल्या जुन्या मराठी कागदांत ‘उतार’ म्हणतात. यमुनेला उतार कोठे आहे आणि कधी आहे, हे ज्याला ठाऊक त्याच्या हाती दिल्लीच्या दाराची कडी.

सन 1760 च्या आरंभी दत्ताजी शिंदे दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर यमुनेचे उतार राखून होते. पलीकडे अंतर्वेदीत, म्हणजे गंगा व यमुना यांच्या मधल्या प्रदेशात, अहमदशहा अब्दाली नजीबखान रोहिल्याला येऊन मिळाला होता. 10 जानेवारी, संक्रांतीचा दिवस. पात्र उतरलेले होते आणि मधल्या बेटांवर गवताचे व झाऊचे दाट रान माजले होते. या रानाच्या आडोशाने रोहिले व अफगाण बंदूकधारी अलीकडे आले. मराठ्यांचा भरवसा घोड्यावर आणि तलवार-भाल्यावर. पण जेथे चार हातांपलीकडचे दिसत नाही तेथे घोडदौड कशी करणार? दत्ताजी पडले, तरुण जनकोजी जखमी झाले. मरता मरता दत्ताजींनी दिलेले उत्तर महाराष्ट्रात घरोघर सांगितले जाते. मला मात्र त्या उत्तराइतकीच ती वाळूची बेटे महत्त्वाची वाटतात. हाच प्रसंग आषाढ-श्रावणात आला असता तर बुराडीला उतारच नसता.

आणि पाहा, आषाढ-श्रावण आला तेव्हा काय झाले! सदाशिवरावभाऊंनी जुलैच्या अखेरीस दिल्ली शहर घेतले, ऑगस्टच्या प्रारंभी किल्लाही हाती आला. अब्दाली पूर्वेच्या काठी, भाऊ पश्चिमेच्या. मध्ये दुथडी भरलेली यमुना. दोन्ही फौजा एकमेकींच्या छावण्या पाहू शकत होत्या, पण भिडू शकत नव्हत्या. अंतर्वेदीतले धान्य शत्रूच्या काठी राहिले आणि भाऊंच्या छावणीत पैशाची चणचण भासू लागली. लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत याच दिवसांत उतरवून वितळविले गेले. त्यातून सुमारे 9 लाख रुपये निघाल्याचे सांगतात. आपल्या माणसांचे कृत्य म्हणून ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुराने अडवलेल्या सेनापतीची ओढाताण त्यातून दिसते.

ऑक्टोबरमध्ये भाऊ काठाकाठाने उत्तरेकडे निघाले आणि 17 तारखेला त्यांनी कर्नाळजवळचे कुंजपुरा हे अफगाणांचे ठाणे जिंकले. तेथे धान्याचा मोठा साठा मिळाला, आणि दत्ताजींचे मस्तक कापणारा कुतुबशहाही सापडला. त्याला देहदंड झाला. कुंजपुऱ्यावर मारा चालला असता अब्दाली पलीकडच्या काठी होता. पाण्याच्या जोरामुळे त्याला मदत धाडता आली नाही. नदीने त्या दिवशी मराठ्यांची बाजू घेतली असे म्हणावेसे वाटते. पण नदी कोणाची बाजू घेत नाही. पुढच्याच आठवड्यात पाणी ओसरू लागले. अब्दालीने दक्षिणेस बागपतजवळ उतार शोधला. त्याने आधी उपास केला आणि कुराणातील वचन लिहिलेला बाण प्रवाहात सोडला, अशी कथा आहे. 25 ऑक्टोबरच्या सुमारास त्याची फौज पाण्यात उतरली. काही माणसे वाहून गेली, बाकीची अलीकडे आली.

नकाशा समोर ठेवून बघा. दिल्ली खाली, तिच्या उत्तरेस सुमारे 40 किलोमीटरवर बागपत, आणि त्याहून पुष्कळ वर कुंजपुरा. भाऊ वर आणि दिल्ली खाली असताना अब्दाली नेमका मध्ये येऊन उभा राहिला. दिल्लीची वाट तुटली, दिल्लीबरोबर दक्षिणेची वाट तुटली. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली हे शाळेतले मूलही सांगते. परंतु तिचा निकाल निम्माअधिक बागपतच्या उतारावर लागला होता असे माझे मत आहे. तो उतार राखण्यास पुरेशी फौज मागे का ठेवली गेली नाही, या प्रश्नाशी अभ्यासक आजही अडखळतात.

पुढे महादजी शिंद्यांनी दिल्लीत मराठ्यांचा अंमल पुन्हा बसविला. त्याचा शेवटही याच खादरमध्ये व्हावयाचा होता. 11 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती लेक अलीगढ घेऊन यमुनेच्या पूर्वकाठी आला. शिंद्यांची कवायती पलटणे फ्रेंच सरदार बूर्कँ याच्या हाताखाली नदी ओलांडून पटपडगंजजवळ उभी राहिली होती. पाठीशी भाद्रपदातील यमुना! रणात मोड झाल्यावर माघारीला जागा उरली नाही आणि पुष्कळ शिपाई नदीत बुडाले. तीन दिवसांनी लेकने नदी ओलांडली, आणि 16 तारखेला आंधळा बादशहा शाहआलम इंग्रजांच्या आश्रयाखाली गेला. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नॉयडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे.

याच काळात दूर स्कॉटलंडमध्ये क्लाइड नावाची एक नदी अशीच उथळ होती. समुद्राची भरती चढत असूनही ग्लासगोच्या खालच्या अंगाला ओहोटीच्या वेळी ती पायांनी ओलांडता येई. पानिपतानंतर दहाबारा वर्षांनी गोलबोर्न या अभियंत्याने तिच्या काठांपासून आत दगडी बांध घालून प्रवाह अरुंद केला. वेग वाढताच नदीने आपला तळ आपणच खरवडून काढला आणि कालांतराने मोठी जहाजे ग्लासगोपर्यंत येऊ लागली. यमुनेच्या वाट्याला उलट दैव आले. तिचे पाणी शेतांसाठी आधीपासूनच काढून घेतले जात होते. पश्चिम यमुना कालव्याची परंपरा फिरोजशहापर्यंत मागे जाते. आज हथनीकुंड येथे बंधारा आहे. वजिराबादचा बंधारा 1959 मध्ये झाला, आणि ओखल्याहून आग्रा कालवा 1874 पासून वाहतो आहे. शेतांना पाणी मिळाले, दिल्लीकरांना प्यायला मिळाले. नदीला मात्र उन्हाळ्यात स्वतःचे म्हणावे असे पाणी उरले नाही. 1857 च्या 11 मे रोजी मेरठचे स्वार नावांच्या ज्या पुलावरून दिल्लीत शिरले, त्या पुलाची गरज 1866 च्या लोखंडी पुलाने संपवली. तो पूल दुमजली आहे : वरून आगगाडी, खालून रस्ता. उताराला आता कोणी विचारीत नाही.

वजिराबादच्या खाली नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. हा नाला म्हणजे अरवलीतून येणाऱ्या साहिबी नदीचे उरलेले रूप. तेथून ओखल्यापर्यंतचे 22 किलोमीटर, म्हणजे नदीच्या लांबीचा पन्नासावा हिस्साही नाही; परंतु तिच्या एकूण प्रदूषणापैकी सुमारे पाऊण वाटा या टप्प्यात पडतो. ओखल्याच्या बंधाऱ्यावरून साबणमिश्रित पाणी कोसळते तेव्हा पांढऱ्या फेसाचे ढीग उठतात, आणि छठपूजेला आलेल्या स्त्रिया त्या फेसात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देतात. त्या दृश्याचे वर्णन करणे मला कठीण वाटते.

तरीही नदी आपले जुने हक्क विसरलेली नाही. जुन्या लोखंडी पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात. धोक्याची खूण 205.33 मीटरवर आहे. 1978 च्या सप्टेंबरात पाणी 207.49 मीटरपर्यंत चढले होते. 13 जुलै 2023 रोजी ते 208.66 मीटर झाले आणि लाल किल्ल्याच्या मागील तटाला येऊन लागले. शहाजहानच्या वेळची जागा तिने बरोबर ओळखली. खादरमध्ये झोपड्या बांधून काकडी-भोपळा पिकविणाऱ्या कुटुंबांना मात्र मुलेबाळे व जनावरे घेऊन रस्त्यावर, पुलांखाली राहावे लागले. हथनीकुंडहून सोडलेले पाणी दिल्लीला पोहोचण्यास दोनतीन दिवस लागतात, एवढीच काय ती त्यांना सवड.

तुम्ही दिल्लीला याल तर इंद्रप्रस्थ स्थानकावरून यमुना बँककडे जाणाऱ्या मेट्रोत खिडकीजवळ बसा. दोनतीन मिनिटांत अख्खे खादर पायांखालून सरकते. भाद्रपदात गेलात तर पाण्याचा विस्तार दिसेल. पौषात गेलात तर रोडावलेला प्रवाह, त्यातली वाळूची बेटे आणि बेटांवरचे उंच गवत.