गाढव कुणी खाल्लं?

मुलांनो, सिंह म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भलीमोठी आयाळ, डरकाळी, नाहीतर देवीचं वाहन! मला मात्र पाठीवर लाकडाच्या मोळ्या वाहणारा सिंह आठवतो. हसू नका हं! हा सिंह ख्रिस्ती लोकांच्या एका जुन्या कथेतला आहे.

ख्रिस्ती चित्रांत सिंह जागोजागी भेटतो. संत मार्कचं चिन्ह म्हणजे पंख असलेला सिंह. इटलीतल्या व्हेनिस शहरात तो उंच खांबावर दिमाखात उभा आहे. बायबलमध्ये येशूला यहूदाच्या वंशातला सिंह म्हटलंय. आणि गंमत बघा, त्याच बायबलमध्ये सैतानालाही भक्ष्य शोधत फिरणाऱ्या सिंहाची उपमा दिलीय! म्हणजे प्राणी एकच, पण नुसती ताकद बघून तो चांगला की वाईट, हे काही ठरत नाही.

माझा लाडका सिंह आहे संत जेरोम यांचा. जेरोम मोठे विद्वान. बायबलचं लॅटिन भाषांतर त्यांनी केलं. आयुष्याची शेवटची वर्षं ते बेथलेहेमच्या मठात राहिले. एका संध्याकाळी म्हणे मठात एक सिंह लंगडत आला. बाकीचे साधू धूम पळाले! कार्पाच्चो या चित्रकारानं 1502 मध्ये ही पळापळ रंगवलीय. साधूंचे झगे नुसते फडफडताहेत. जेरोम मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी सिंहाचा पंजा हातात घेतला, जखम धुतली, औषध लावलं. सिंह बरा झाला आणि तिथंच राहिला. मठासाठी लाकडं आणणाऱ्या गाढवाची राखण करणं हे त्याचं काम.

एके दिवशी सिंहाला डुलकी लागली आणि गाढव नाहीसं झालं! सिंह एकटाच परतला, खाली मान घालून.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगत होते. इथं थांबून विचारलं, ''काय झालं असेल गाढवाचं?'' सगळे एका सुरात ओरडले, ''सिंहानं खाल्लं!'' मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा गप्प होता. अंगानं दांडगा. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की सगळ्यांच्या माना आधी त्याच्याकडे वळतात. तो हळूच म्हणाला, ''बाई, खाताना कुणी बघितलं का?''

वर्ग एकदम चिडीचूप झाला. मलाही क्षणभर पुढचं सुचेना.

खरंच, कुणीच बघितलं नव्हतं! साधूंनीही सिंहालाच चोर ठरवलं. त्याचं जेवण बंद केलं. मग जेरोमनी सांगितलं, त्याला छळू नका, गाढवाचं काम द्या. सिंहानं मुकाट्यानं मोळ्या वाहिल्या. पुढे एक दिवस व्यापाऱ्यांचा तांडा दिसला. उंटांच्या पुढे तेच गाढव! सिंहानं अशी डरकाळी फोडली, की व्यापारी पळत सुटले. उंट आणि गाढव हाकत त्यानं थेट मठात आणले. कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही.

ही कथा मुळात जॉर्डन नदीकाठच्या गेरासिमस नावाच्या साधूची. नावं सारखी वाटल्यामुळे ती पुढे जेरोमना चिकटली, असं जाणकार म्हणतात.

ड्यूरर या जर्मन चित्रकाराचं 1514 मधलं एक चित्र मिळालं तर जरूर बघा. जेरोम खोलीत लिहीत बसलेत. पुढे सिंह पेंगतोय. आणि त्याला अगदी खेटून एक कुत्रा खुशाल झोपलाय! सिंह किती मोठा, हे त्याच्या आयाळीवरून कळतं. पण तो कसा आहे, हे त्या कुत्र्याच्या झोपेवरून कळतं.

तेव्हा दोस्तांनो, वर्गात पुन्हा काही हरवलं, तर कुणाकडे मान वळवण्याआधी विचारा बरं, ''कुणी बघितलं का?'' आणि आईबाबांनो, हा प्रश्न आपल्यालाही आहे बरं का!