दोष कोणत्या थरात आहे

मोटारीच्या पत्र्यावरचा रंग चार थरांचा असतो. कारखान्यात पत्र्यावर आधी विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्राइमर बसवतात, त्यावर सरफेसर, मग खरा रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या थरावर पॉलिशचे मशीन चालते तो केसाहून पातळ आहे. रंगाचा कोणताही डाग, चरा किंवा फोड या चारांपैकी एका थरात बसलेला असतो, आणि तो थर ओळखल्याशिवाय हातात घासायचा पेपर घेणे म्हणजे रंग उगाच गमावणे.

तपासणी धुतलेल्या आणि कोरड्या गाडीची करायची. भर उन्हात सगळाच पत्रा चमकतो आणि काही दिसत नाही. सावलीत एकच दिवा तिरका धरला की चऱ्यांचे जाळे उठून येते. चऱ्यावर पाणी फिरवले आणि तो नाहीसा झाला, तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. नख आडवे फिरवताना अडकले, तर पॉलिशने तो पूर्ण जाणार नाही. चऱ्यात पांढरट किंवा करडा सरफेसर दिसला, की पॉलिशचा विषय संपला. जाडी मोजण्याचे मीटर असेल तर प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी लावावे. आकडा २०० च्या वर गेला तर तिथे पुन्हा रंग झालेला असण्याची शक्यता मोठी. हजाराच्या आसपास गेला तर खाली पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर साधे मीटर चालत नाही, हे जुनी गाडी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

कोरेगाव भीमासारख्या पुणे–अहिल्यानगर महामार्गावरच्या गावात बाहेरून येणारे दोष आधी तपासावे लागतात. वाघोली-लोणीकंदकडच्या खाणी आणि क्रशरची धूळ, डंपरमधून उडणारी खडी, सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले लोखंडी कण, शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यातल्या गुऱ्हाळांची काजळी, हे सगळे बोनेट आणि टपावर बसते. पांढऱ्या गाडीवर बारीक तपकिरी ठिपके दिसले की मालक गंज चढला म्हणून घाबरतो. पुष्कळदा पत्रा शाबूत असतो. क्लिअर कोटमध्ये रुतलेला बाहेरचा लोखंडी कणच तेवढा गंजलेला असतो. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून फिरवली की असे कण बोटांना खरखरीत लागतात. आयर्न रिमूव्हर मारल्यावर ते जांभळे होऊन विरघळतात, उरलेले क्ले बारने निघतात. रबिंग कंपाउंड इथे आधी वापरले, तर हेच कण कापडात अडकून नवे चरे पाडतात.

बोअरच्या जड पाण्याचे पांढरे गोल डाग ताजे असतील तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने सुटतात. ते उन्हात भाजून क्लिअर कोटमध्ये उतरले असतील तर पॉलिशच लागते. पक्ष्यांच्या विष्ठेचेही तसेच. ती कोरड्या फडक्याने खरवडणे हा सर्वांत महाग उपाय.

चऱ्यांचे जाळे बहुतेक धुण्याच्या पद्धतीतून येते. धुळीवरून झटकणी फिरवणारा माणूस रोज सकाळी गाडी स्वच्छ करतो आणि रोज थोडा क्लिअर कोट नेतो. हे जाळे काढताना सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने हातभर जागेवर प्रयोग करावा आणि भागले नाही तरच एक पायरी वर जावे. गॅरेजात उलटे चालते: आधी कडक रबिंग, मग त्याने पडलेली वर्तुळे झाकायला मेण. दोन धुण्यांत मेण उतरते आणि वर्तुळे परत दिसतात. बोनेटच्या कडा आणि पत्र्याची धार यांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे टेप लावूनच मशीन फिरवावे.

रंगकामातून आलेले दोष वेगळे. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यासारख्या ठिकाणी धूळ आणि आर्द्रता राखलेल्या बंद जागेत रंग मारतात आणि क्लिअर कोट साधारण १४० अंशांना भट्टीत भाजतात. रस्त्याकडेच्या शेडमध्ये यातले काही नसते. तयार गाडीतली वायर आणि प्लास्टिक एवढी उष्णता सोसत नाही म्हणून चांगल्या बूथमध्येही ६० अंशांच्या आसपासच थांबावे लागते, आणि रंग हार्डनरच्या रासायनिक क्रियेने वाळतो.

संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो तो रंग घट्ट, हवा कमी किंवा थिनर लवकर उडणारे असल्यामुळे. मे महिन्यात जलद थिनर वापरले की थेंब पत्र्यावर पसरण्याआधीच सुकतो. ओघळाचे कारण उलटे: स्प्रे गन जवळ धरली किंवा कोट लागोपाठ मारले. दोन्ही दोष क्लिअर कोट पुरता वाळल्यावर १५०० आणि २००० च्या पाण्याच्या पेपरने सपाट करून पॉलिश करता येतात. ओघळ ओला असताना बोट लावायचा मोह मात्र आवरायचा.

रंग फाटून गोल खळगे पडतात, त्याला कारागीर फिशआय म्हणतात. कारण जवळजवळ नेहमी सिलिकॉन किंवा तेल: डॅशबोर्ड चकाकवणारा स्प्रे, टायरचे पॉलिश, कंप्रेसरच्या हवेतून आलेले तेल. त्यावर दुसरा जाड कोट मारला तरी खळगा भरत नाही. वाळू द्यावे, घासावे, डिग्रीझरने दोन स्वच्छ कापडांनी पुसावे आणि कंप्रेसरचा फिल्टर बघावा. पावसाळ्यात त्याच कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठते आणि रंगाखाली जाऊन काही महिन्यांनी फोड म्हणून वर येते. टाकीचा कॉक रोज सोडणे फुकट आहे, तरी तेच राहून जाते. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर नसेल तर गन उचलू नये. नदीकाठच्या गावात हिवाळ्यातल्या सकाळीही हा नियम लागू पडतो.

फोड, खालून आलेला गंज आणि पापुद्र्यासारखा सुटलेला क्लिअर कोट यांना पॉलिश नाही. पत्र्यापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत घासून पुन्हा सुरुवात करावी लागते. पुट्टीच्या कडेची नक्षी महिन्याभराने रंगावर उमटते, ती अर्धवट वाळलेल्या पुट्टीवर घाईने प्राइमर मारल्याची खूण. अशी गाडी देताना चकचकीत असते, म्हणून भांडण नंतर होते. हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कारागिराला दमा जडू शकतो आणि नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे कुचकामी आहे, हेही घाईतच विसरले जाते.

खडीने उडालेल्या टवक्यांना अख्खे बोनेट रंगवण्याची गरज नसते. गाडीच्या पट्टीवरचा रंगाचा कोड पाहून बारीक काडीने पातळ थेंब भरावा, वाळला की पुन्हा भरावा, शेवटी क्लिअर. मेटॅलिक चंदेरी रंगात मात्र डाग ओळखू येतोच. पूर्ण पत्रा रंगवायचा तर शेजारच्या दारावर रंग विरत न्यावा लागतो. उन्हात उतरलेल्या जुन्या लाल गाडीला कोडप्रमाणे नवा रंग कधीच जुळत नाही, तिथे नमुना पट्टी मारून दिवसाच्या उजेडात ताडून पाहतात. हवेत वाळलेल्या नव्या रंगाला साधारण दोन महिने मेण लावू नये, कारण त्यातले सॉल्व्हंट तोवर बाहेर पडत असते.