रांजणगावची मोटार

मोटारीचे गुणदोष सांगणारी माणसे बहुधा एंजिनापासून आरंभ करतात. कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी २०२५ च्या श्रावणात टाटांची ‘पंच’ ही छोटी क्रॉसओव्हर मोटार घेतली, तेव्हा मात्र आरंभ गुडघ्यापासून झाला. आणि तोही त्यांच्या स्वतःच्या नव्हे, मातोश्रींच्या.

मातोश्री शिरूर तालुक्यातल्या. वडील गेल्यावर मुलाने त्यांना अकराव्या मजल्यावरच्या आपल्या बिऱ्हाडी आणले, त्याला वर्ष झाले होते. त्या वर्षात त्या खाली उतरल्या मोजून चार वेळा, आणि चारही वेळा डॉक्टरांकडे जाण्यासाठी. परकी भाषा हे एक कारण होते. पण खरे कारण घरातली जुनी मोटार होती. ती लांब आणि ठेंगणी. तिच्यात शिरायचे म्हणजे आधी मान वाकवायची, मग कमरेत मोडायचे आणि शेवटी अंग खाली सोडून द्यायचे. उतरताना तर मुलाने दोन्ही हात धरून ओढल्यावाचून गत्यंतर नसे. फाटकावरच्या रखवालदारांच्या देखत आपल्याला असे विहिरीतून काढल्यासारखे बाहेर काढावे, याची त्यांना लाज वाटे. ‘मला काही बघायचं नाही रे तुझं गाव,’ असे त्या म्हणत, आणि मुलाला ते खरे वाटे.

नव्या मोटारीचे दार जवळजवळ काटकोनात उघडले. आसन त्यांच्या कमरेच्या उंचीला आले होते. ओसरीच्या कट्ट्यावर टेकावे तशा त्या आधी टेकल्या, मग एकेक पाय उचलून आत घेतला. कोणाचा हात लागला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘कुठं बनते रे ही?’

‘रांजणगावला.’

‘आपल्या? गणपतीच्या?’

‘हो. तिथल्या कारखान्यात.’

त्या जरा थांबून म्हणाल्या, ‘म्हणजे हिलाही माहेरापासून लांबच दिली म्हणायची.’

क्रॉसओव्हर हा मोटारींतला संकर आहे. अंगकाठी आणि सांगाडा साध्या छोट्या मोटारीचा, पण उभे राहणे मात्र रानावनात जाणाऱ्या जीपगाडीचे. या छोटेपणालाही कारण आहे. लांबी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोलचे एंजिन बाराशे सी.सी.च्या मर्यादेत असेल, तर करात सवलत, असा नियम २००६ साली झाला, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या मोटारी त्या मापाच्या चौकटीत बसू लागल्या. ही मोटार ३,८२७ मिलिमीटर लांब आणि एंजिन ११९९ सी.सी.चे, म्हणजे चौकट कशी अचूक मापली आहे, ते दिसते. २२ सप्टेंबरपासून अशा मोटारींवरचा कर आणखी उतरून १८ टक्क्यांवर आला. एक महिना धीर धरला असता तर बरीच रक्कम वाचली असती, हे गृहस्थांना घरातल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे सांगितले.

पण उंच आसनाचे हे सुख कोलकात्याला नवे नव्हते. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत राहिलेली अ‍ॅम्बॅसिडर अशीच होती: छत उंच, बैठक कोचासारखी, धोतर सावरीत वृद्ध गृहस्थ तिच्यात सहज बसत. मातोश्री १९९० च्या सुमारास मुलाच्या नव्या नोकरीचे गाव पाहायला आल्या होत्या, तेव्हा पिवळ्या टॅक्सीतून निःशंकपणे हिंडल्या होत्या. पुढे मोटारी वेगासाठी आणि डौलासाठी जमिनीलगत आल्या, आणि म्हातारी माणसे मुकाट्याने घरी राहू लागली. मोटार बदलली असे कोणी म्हटले नाही. आई थकली, असेच सर्व म्हणाले.

शेजारचे बंगाली गृहस्थ मोटार पाहायला आले. त्यांनी दारे उघडून-मिटून पाहिली, डिकी पाहिली आणि ही कोठून आली, असे विचारले. पुण्याकडून, हे ऐकून ते क्षणभर गप्प झाले. ते हुगळी जिल्ह्यातले, आणि सिंगूर त्याच जिल्ह्यात. तेथे लहान मोटारीचा कारखाना उभा राहता राहता २००८ च्या ऑक्टोबरात गुजरातेत साणंदला गेला, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन शेतकऱ्यांना परत देवविली. कोण चुकले, यावर त्यांच्या घरात भावाभावांत अजून एकमत नाही. ‘मोटार चांगली आहे,’ एवढेच ते म्हणाले. ज्या वाहनतळावर ते उभे होते, तोही एकेकाळी राजारहाटचे भातशेत होता.

पहिल्या महिन्यात मालकाला मोटारीचा स्वभाव उमगत गेला. तीन सिलिंडरांचे एंजिन उभे असता हलकेसे थरथरते. हात चक्रावर ठेवला की कोणी झोपेत श्वास घेत असावे, असे जाणवते. चौघे बसले असता उड्डाणपुलाच्या चढावर गिअर एक पायरी खाली आणावा लागतो. उंचीचे मोलही द्यावे लागते: वळणावर मोटार किंचित कलते, आणि घाई करणाऱ्याला आपली चूक कळते. पण विश्व बांग्ला सरणीवरून जाताना मेट्रोच्या खांबांपलीकडचा रस्ताही दिसतो. मालकाच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. उंच बसले की टोटोवाला आणि सायकलवाला आपोआप खालचे वाटू लागतात. ही उंची डोक्यात जायला महिनाही पुरला.

ती उतरली २३ सप्टेंबरला. आदल्या मध्यरात्रीपासून कोसळलेल्या पावसाने शहर बुडविले होते. आपली मोटार उंच आहे, जाऊन तर पाहू, असे म्हणून गृहस्थांनी किल्ली उचलली. मातोश्रींनी विचारले, ‘जमिनीपासून किती उंच?’ १८७ मिलिमीटर, असे त्यांनी सांगितले. ‘म्हणजे एक वीतही नाही,’ त्या म्हणाल्या. किल्ली परत खुंटीला लागली. त्या दिवशी पाण्यात उतरलेली विजेची धार लागून शहरात माणसे दगावल्याचे संध्याकाळी कळले, आणि घरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

पूजेचा प्रश्न तेवढा राहिला होता. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या दिवशी वाहनतळावरच्या ड्रायव्हर मंडळींनी न विचारताच या मोटारीलाही हार घातला होता, आणि ‘ऐन पितृपक्षात!’ म्हणून मातोश्री हळहळल्या होत्या. त्यांची पूजा दसऱ्याची. २ ऑक्टोबरला कुंकू, झेंडू, नारळ, सारे यथासांग झाले. नव्हती ती आपट्याची पाने. मुलगा त्यांना फेरफटक्याला घेऊन निघाला. मांडवामांडवांतून देवीच्या निरोपाचे ढाक वाजत होते. एका वळणावर त्या एकाएकी ‘थांब, थांब,’ म्हणाल्या. रस्ता दुभागणाऱ्या झुडपांच्या पलीकडे, खालच्या मोटारीतून कधी दिसले नसते असे, गुलाबी फुलांवर आलेले कांचनाचे झाड होते. आपट्याचेच हे भावंड. पान तसेच, मधोमध दुभंगलेले.

मुलगा दार उघडायला वळसा घालून येईतो त्या उतरल्याही होत्या. पदर खोचून त्यांनी ओंजळभर पाने तोडली. परत येऊन बसण्यापूर्वी पहिले पान त्यांनी काचेपाशी, मोटारीपुढे ठेवले, आणि दुसरे मुलाच्या हाती देत म्हणाल्या, ‘उरलेली शेजाऱ्यांना. मीच देईन जाऊन.’