उणे १८ मध्ये गाडी

सध्या व्हॉट्सॲपवर मनालीचे व्हिडिओ फिरतायत. बर्फावर गाडी गरगर फिरतेय, आत आपलीच मराठी पोरं, मागून कोणीतरी ओरडतंय, 'दाब की ब्रेक!' लोक हसतात. मला हसू येत नाही. निसरड्या बर्फावर कचकन ब्रेक दाबला की गाडी हातातून गेलीच.

मागे जानेवारीत लेहला गेलो होतो. मेहुणा फौजेत, पोस्टिंग तिकडे. रात्री पारा उणे १८. आमच्या परभणीत पारा ८ वर आला की आम्ही पहिल्या पानावर बातमी लावतो!

टॅक्सीवाला लडाखी, पन्नाशीचा. रात्री गाडी लावताना त्यानं हँडब्रेक ओढला नाही. गिअरमध्ये टाकली, चाकाखाली दगड लावला. का, तर ब्रेक गोठून चिकटतो. वायपर उभे केले. बॅटरी काढून घरात नेली. सकाळी मी काचेवर गरम पाणी ओतायला निघालो, तर त्यानं हातच धरला. काच तडकते म्हणाला.

डिझेलचीही तीच गत. थंडीत त्यातलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो. पूर्वी टाकीखाली जाळ करायचे, रॉकेल मिसळायचे. उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल लडाखच्या पंपावर आलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये! तोवर लोकांनी जीव धोक्यात घालून गाड्या चालवल्या, त्याची बातमी आम्हीही कधी केली नाही.

तिसऱ्या दिवशी रात्रभर बर्फ पडला. खारदुंग लाला जायचं ठरलेलं. त्यानं सरळ नाही म्हटलं. मी चिडलो, पैसे मोजलेत की. तो शांतपणे म्हणाला, 'पैसे परत घ्या.'

तेव्हा राग आला. मग जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीची बातमी डेस्कवर आली. बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त पर्यटक गेले. कुणी थंडीनं, कुणी कार्बन मोनॉक्साइडनं. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं की धूर आतच येतो. या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

बर्फाचं पॅकेज विकणारे टायरच्या साखळ्या, सायलेन्सर यावर एक शब्द बोलतात का? प्रशासन घाटाच्या तोंडावर गाडी तपासतं का? विचारा.

आणि ड्रायव्हर नाही म्हणाला तर वाद घालू नका. मी घातला होता. त्यानं ऐकलं नाही, म्हणून आज ही पोस्ट लिहितोय.