मुलखाची हवा आणि धावणाऱ्याचे कापड

खेळाडूसाठी पोशाख शिवणाऱ्याची खरी परीक्षा कात्री हाती धरण्यापूर्वीच होते. कारण शिवण चुकली तर ती उसवता येते, माप चुकले तर थोडीफार दुरुस्ती करता येते, परंतु कापडच चुकीचे निवडले गेले तर त्यावर कोणत्याही कौशल्याची मात्रा चालत नाही. जतमध्ये हा व्यवसाय करीत असताना माझ्या मनाशी जो सिद्धान्त दृढ झाला तो असा, की कापड नमुन्याच्या पुस्तकावरून किंवा व्यापाऱ्याच्या शिफारशीवरून न निवडता, ज्या मुलखात ते वापरले जाणार तेथील हवा, तेथील पाणी आणि ते घालणाऱ्याचे कष्ट या तिहींना साक्षी ठेवून निवडावे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, विजापूरच्या सीमेशी लागून असलेला आमचा तालुका, म्हणजे १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालेल्या डफळे संस्थानाचा मुलूख, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्यामुळे येथे पावसाचे मान तुटपुंजे आणि हवा वर्षाचा बराच काळ कोरडी. पोलीस भरतीच्या आशेने भल्या पहाटे येथील मुले १६०० मीटरचा आणि मुली ८०० मीटरचा सराव करतात, व त्यांच्यापैकी अनेकांच्या घरचा पहिला आग्रह सुती कपड्याचा असतो. तो आग्रह निराधार नाही, पण अपुरा आहे. घाम शरीराला थंडावा देतो तो ओघळल्यामुळे नव्हे, तर त्याची वाफ होताना अंगातील उष्णता सोबत निघून जाते म्हणून. प्रमाणित हवेत १०० ग्रॅम कोरडे सूत सुमारे ८ ग्रॅम ओलावा शोषते, तर तितकेच पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. सुताने शोषलेला घाम आमच्याकडच्या चैत्रातील वाऱ्यात भराभर उडून जातो. म्हणून सकाळी फिरावयास जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि योगासने करणाऱ्या स्त्रियांना मी थोडे लायक्रा मिसळलेले सुती होजिअरीच सुचविते. परंतु पौषातल्या पहाटे धावून थांबलेल्या मुलीच्या पाठीवर तेच ओले सूत गारठा धरून बसते, आणि भरतीसाठी तिला मुंबईस जावे लागले तर तेथील दमट हवेत ते लवकर वाळतही नाही. तिच्यासाठी डॉट निटसारखे बारीक छिद्रांचे, चौरस मीटरला १४० ग्रॅमच्या आसपास भरणारे पॉलिस्टर हितावह. त्याचा तंतू पाणी पीत नाही, मात्र तंतूंमधल्या सूक्ष्म फटींतून घाम केशाकर्षणाने बाहेरच्या बाजूस पसरतो व तेथून उडून जातो. आमच्याइतक्याच दुष्काळी अशा माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्या शर्यतीत पाण्यावरच्या सात उड्या असतात, आणि पाणी धरून ठेवणारे वस्त्र म्हणजे तेथे प्रत्येक उडीनंतर अंगावर चढणारे ओझेच होय.

ताणले जाणारे कापड तेवढे श्रेष्ठ, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. तालमीतला मल्ल जो लंगोट कसतो तो मागावरच्या कापडाचा असतो, कारण न सैलावणे हाच त्याचा गुण. असे उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड जवळच्या इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमागावर निघत आले आहे. परंतु धावण्याच्या किंवा कबड्डीच्या पोशाखाला लागणारे, फासे गुंफून विणलेले कापड तिरुपूर-लुधियानाकडून मागवावे लागते. १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी सिद्ध केलेला, पुढे लायक्रा या नावाने प्रसिद्ध झालेला धागा त्यात मिसळला की कापडाला लवचीकपणा येतो. तथापि ताणले जाण्यापेक्षा पूर्वस्थितीला परतणे महत्त्वाचे. म्हणून १० सेंटिमीटरची पट्टी १५पर्यंत ओढून, क्षणभर धरून सोडावी, आणि ती मूळ मापावर न आली तर कापड परत करावे. कबड्डीच्या झटापटीत बनियन ओढले जाते, तेव्हा तेथे हलक्या जाळीचा मोह टाळून दाट इंटरलॉक विणीचे कापड घ्यावे.

मुलींच्या पोशाखाबाबत आणखी एक दक्षता अवश्य घ्यावी. फिक्या रंगाचे कापड कोरडे असता निर्दोष दिसते, पण भिजल्यावर पारदर्शक होते. म्हणून ते ओले करून, ताणून, उन्हात हातावर धरून पाहावे. एक मुलगी मला म्हणाली होती, “काकू, पळताना सगळं ध्यान कापडाकडंच जातंय.” कापडाच्या सदोषतेचा याहून नेमका दाखला मला ठाऊक नाही.

शेवटी पाण्याचा विचार. आमच्या कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरवर विसंबावे लागते, आणि कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा साका होऊन तो विणीत बसतो. पॉलिस्टर अंगाचे तेल व वास धरून ठेवते, म्हणून कबड्डीचा अपवाद सोडता, थोडक्या पाण्यात चटकन धुऊन निघेल असे पातळ, मोकळ्या विणीचे कापडच येथे घ्यावे. कपडे मऊ करणारी औषधे तंतूंमधल्या घाम वाहून नेणाऱ्या फटी बुजवितात, सबब ती वापरू नयेत.

या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे, की कापडाच्या नावाची किंवा चकाकीची भूल पडू देऊ नका. व्यापाऱ्याकडून हातभर तुकडा मागून घ्या, तो आपल्या गावच्या पाण्यात धुवा, आपल्या उन्हात वाळवा, धावणाऱ्याच्या अंगावर एक सकाळ बांधून पाहा, आणि त्यानंतरच ताका उचला.